टर्मिनल मल्टिप्लेक्सर आणि दूरस्थ सत्रांचे सातत्य : एक चिकित्सा

सारांश

दूरच्या संगणकावर चालू असलेले काम मधली जोडणी तुटताच बंद पडते, हा युनिक्स परंपरेतील संगणकप्रणालींचा जुना स्वभाव आहे. त्यावर उपाय म्हणून वापरल्या जाणाऱ्या टर्मिनल मल्टिप्लेक्सर या साधनाची, विशेषतः 'स्क्रीन' आणि 'टीमक्स' या दोन आज्ञावलींची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. ही साधने सत्र टिकवतात. काम टिकवतातच असे नाही. या दोन गोष्टींतील भेद अस्पष्ट राहिल्यामुळे संशोधकाची फसगत कशी होऊ शकते आणि या साधनांचे खरे मोल कोठे आहे, याचा येथे विचार केला आहे.

बीजशब्द : टर्मिनल, दूरस्थ सत्र, स्क्रीन, टीमक्स, प्रक्रिया, सातत्य, देवनागरी.

१. प्रास्ताविक

आजचे बरेचसे संशोधन संशोधकाच्या टेबलावरील संगणकावर होत नाही. रेणूंच्या रचनेची गणिते असोत, हवामानाची प्रतिमाने असोत किंवा लाखो शब्दांच्या भाषिक संग्रहाचे विश्लेषण असो, प्रत्यक्ष गणन दुसरीकडे ठेवलेल्या मोठ्या यंत्रावर चालते. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणक अभियानातून पुण्याच्या आयसरमध्ये उभा राहिलेला 'परम ब्रह्म' हे त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. अशा यंत्रांपर्यंत पोहोचण्याची नेहमीची वाट म्हणजे एसएसएच. फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या या पद्धतीमुळे दूरच्या संगणकाशी सुरक्षित संवाद साधता येतो.

ही वाट सुरक्षित असली तरी अखंड नसते. वीज जाते, मोबाइलचे जाळे बदलते, लॅपटॉपचे झाकण मिटले की तो झोपी जातो. अशा वेळी केवळ समोरची विंडो बंद पडली असती तर फारसे बिघडले नसते. परंतु त्या विंडोतून सुरू केलेली आज्ञावलीही दूरच्या संगणकावर सहसा संपुष्टात येते. तिसऱ्या दिवशी पूर्ण होणारे गणित दुसऱ्या रात्री असे थांबले, तर संशोधकाचे दोन दिवस वाया जातात आणि सामायिक यंत्रावरील तितका वेळ इतरांनाही मिळालेला नसतो. टर्मिनल मल्टिप्लेक्सर या नुकसानीवर उतारा म्हणून सुचवला जातो. हा उतारा नेमका कशावर चालतो, हे मात्र क्वचितच तपासले जाते.

२. जोडणी तुटताच काम का थांबते?

हा यंत्रणेतील दोष नसून एका विशिष्ट काळातील विचाराचा परिणाम आहे. युनिक्समध्ये टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात; हे टेलिटाइप यंत्राच्या नावाचे संक्षिप्त रूप आहे. जोडणी तुटल्यावर प्रक्रियांना पाठवल्या जाणाऱ्या संकेताचे नाव 'सिगहप' आहे. त्यातील 'हप' म्हणजे 'हँग अप', अर्थात दूरध्वनी खाली ठेवणे. एकाच यंत्रावर अनेक जण दूरध्वनीच्या तारेने पाळीपाळीने काम करीत, तेव्हा यंत्राचा प्रत्येक क्षण मोलाचा होता. तार तुटली याचा अर्थ माणूस उठून गेला, आणि माणूस गेला तर त्याच्या प्रक्रियांनी जागा अडवू नये, हा हिशेब त्या काळी योग्यच होता.

या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे. माणसाची उपस्थिती आणि त्याच्या कामाची गरज या दोन्ही गोष्टी एकच मानल्या गेल्या. आजच्या वापरात नेमके याच्या उलट घडते. काम दीर्घ असते म्हणूनच माणूस उठून जातो. गृहीतक कालबाह्य झाले तरी संकेत मात्र तसाच राहिला.

यावरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे 'नोहप' ही आज्ञा. ती आज्ञावलीला सिगहप दुर्लक्षित करायला लावते आणि पडद्यावर येणारा मजकूर फाइलमध्ये वळवते. त्यामुळे काम जगते. पण त्याच्याशी पुन्हा बोलता येत नाही. मध्येच प्रश्न विचारणाऱ्या, उत्तराची वाट पाहणाऱ्या किंवा संपूर्ण पडदा व्यापणाऱ्या आज्ञावलीला हा मार्ग निरुपयोगी ठरतो. काम चालू ठेवणे आणि त्या कामाकडे परत येता येणे या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे येथेच स्पष्ट होते.

३. मल्टिप्लेक्सरची रचना : गैरहजर माणसाचा मुखत्यार

'स्क्रीन' ही आज्ञावली १९८७ मध्ये ओलिव्हर लाउमान आणि कार्स्टेन बोरमान यांनी बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात लिहिली. पुढे ती जीएनयू प्रकल्पाचा भाग झाली. 'टीमक्स' निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली आणि २००९ मध्ये ओपनबीएसडी या प्रणालीने ती आपल्या मूळ संचात समाविष्ट केली. 'मल्टिप्लेक्सर' या शब्दातून एका टर्मिनलवर अनेक विंडो चालवण्याचा अर्थ सूचित होतो. प्रत्यक्षात या साधनांकडे वळणारे बरेच जण अनेक विंडोंसाठी वळत नाहीत. सत्र सोडून जाता यावे आणि परत येता यावे यासाठी वळतात. नावातला गुण एक आणि मोल दुसऱ्याच गुणाचे, अशी ही स्थिती आहे.

हा दुसरा गुण रचनेतून येतो. एसएसएचने प्रवेश केल्यावर दूरचा संगणक वापरकर्त्याला एक आभासी टर्मिनल देतो. मल्टिप्लेक्सर सुरू केला की तो दोन भागांत विभागतो. एक भाग वापरकर्त्याच्या टर्मिनलला चिकटून राहतो. त्याला क्लायंट म्हणता येईल. दुसरा भाग, म्हणजे सर्व्हर, त्या टर्मिनलपासून स्वतःला पूर्णपणे वेगळे करतो आणि आतल्या आज्ञावलींसाठी स्वतःची नवी आभासी टर्मिनले उघडतो. आतील आज्ञावलीच्या दृष्टीने तिचे टर्मिनल म्हणजे हा सर्व्हर. बाहेरची जोडणी तुटली की सिगहप क्लायंटला मिळतो आणि तो संपतो. आतल्या आज्ञावलीला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही, कारण तिचे टर्मिनल जागेवरच असते.

कायद्याच्या परिभाषेत बोलायचे तर सर्व्हर हा गैरहजर माणसाचा मुखत्यार आहे. माणूस दूर असताना त्याच्या नावाने तो टर्मिनल धरून ठेवतो आणि माणूस परतला की हवाली करतो. हवाली करण्याची ही क्रियाही सरळ नाही. आतल्या आज्ञावलीने पाठवलेले प्रत्येक अक्षर, रंगाची किंवा कर्सर हलवण्याची प्रत्येक सूचना सर्व्हर वाचतो आणि पडद्याचे चित्र स्मृतीत चौकटीचौकटीने राखतो. परतलेल्या माणसाचा पडदा लहान असो वा मोठा, त्यावर ते चित्र नव्याने रेखाटले जाते. स्क्रीनमध्ये कंट्रोल-ए नंतर 'डी' दाबून, तर टीमक्समध्ये कंट्रोल-बी नंतर 'डी' दाबून सत्रापासून विलग होता येते. जोडणी अचानक तुटली तरी परिणाम तोच होतो.

माणसाची उपस्थिती आणि कामाचे अस्तित्व यांची जुनी सांगड या रचनेने सोडवली. तिने प्रणालीच्या गाभ्याला हात लावला नाही किंवा आज्ञावली नव्याने लिहायला लावल्या नाहीत. साधनाचे हे यश वादातीत आहे.

४. सातत्याच्या मर्यादा

मुखत्यार स्वतः जिवंत असेपर्यंतच मालमत्ता सांभाळू शकतो. मल्टिप्लेक्सरचा सर्व्हर ही देखील एक सामान्य प्रक्रियाच आहे. दूरचा संगणक पुन्हा सुरू झाला, तेथील वीज गेली किंवा स्मृती अपुरी पडल्यामुळे प्रणालीने ती प्रक्रिया संपवली, तर सत्रही संपते. टीमक्समध्ये एका वापरकर्त्याची सर्व सत्रे सहसा एकाच सर्व्हरवर असतात. तो कोसळला तर सगळी सत्रे एकदम जातात. स्क्रीनमध्ये प्रत्येक सत्राची प्रक्रिया वेगळी असल्याने नुकसान त्या सत्रापुरते राहते. टीमक्सची आदेशरचना अधिक नेटकी मानली जात असली तरी या बाबतीत जुन्या साधनाची मांडणी सरस ठरते.

टीमक्ससाठी सत्रांची नोंद ठेवून ती पुन्हा उभी करणारी पूरक साधने आहेत. ती विंडोंची मांडणी परत आणतात आणि काही आज्ञावली नव्याने सुरू करतात. परंतु अर्ध्यावर आलेले गणित ती परत आणू शकत नाहीत. घर जसेच्या तसे मांडले जाते, पण चुलीवरचे अन्न मात्र पुन्हा पहिल्यापासून शिजवावे लागते.

पडद्यावरून वर सरकलेल्या मजकुराचेही तसेच आहे. मूळ मांडणीत टीमक्स प्रत्येक विंडोच्या मागील २००० ओळी ठेवते, तर स्क्रीन केवळ १००. रात्रभर चाललेल्या आज्ञावलीने त्याहून अधिक मजकूर लिहिला असेल, तर पहाटे आलेली चूक पडद्यावर दिसते. पण तिचे कारण सांगणारी मध्यरात्रीची ओळ नाहीशी झालेली असते. ही मर्यादा वाढवता येते. तरीही स्मृतीतील मजकूर म्हणजे नोंदवही नव्हे.

तिसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. सत्राबाहेरचे जग बदलते आणि आतल्या शेलला ते कळत नाही. एसएसएचच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या एजंटचा पत्ता प्रत्येक नव्या प्रवेशात बदलू शकतो. टीमक्स पुन्हा जोडले जाताना आपल्याकडील नोंद सुधारते. परंतु आधीपासून उघडलेल्या शेलकडे जुनाच पत्ता राहतो. परिणामी कालपर्यंत चालणारी आज्ञा आज परवानगी नाकारते आणि वापरकर्ता भलतीकडेच दोष शोधत बसतो. सत्र टिकले, पण त्याचा वर्तमानाशी असलेला संबंध सुटला, असे याचे स्वरूप आहे.

५. अनुपस्थितीत काम चालू ठेवण्याचा अधिकार कोणाचा?

मे २०१६ मध्ये लिनक्सच्या 'सिस्टिमडी' या यंत्रणेची २३० वी आवृत्ती आली. वापरकर्ता बाहेर पडताच त्याच्या सत्रातील उरलेल्या सर्व प्रक्रिया संपवाव्यात, ही बाब तिने मूळ मांडणीत लागू केली. मल्टिप्लेक्सरच्या सर्व्हरने टर्मिनलपासून स्वतःला वेगळे केले असले, तरी प्रणालीच्या खात्यावर तो त्याच सत्राचा घटक होता. त्यामुळे तोही या नियमाच्या कक्षेत आला. यावर बराच वाद झाला आणि डेबियनने आपल्या वितरणात जुनीच वागणूक कायम ठेवली.

या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे. सामायिक संगणकाच्या प्रशासकाला विसरलेल्या प्रक्रियांचा त्रास खरोखर होतो. महिनोन्महिने कोणी न पाहिलेली सत्रे स्मृती व्यापतात आणि त्यात उघडा राहिलेला प्रशासकीय अधिकाराचा शेल ही सुरक्षेची उघडी खिडकी असते. उलटपक्षी, मल्टिप्लेक्सर सुरू करणे हीच 'हे काम माझ्या पश्चात चालू द्या' अशी वापरकर्त्याची स्पष्ट इच्छा असते, हे म्हणणेही डावलता येत नाही. सिस्टिमडीने त्यासाठी 'लिंगर' नावाची सोय दिली आहे. तिच्याद्वारे एखाद्या वापरकर्त्याच्या प्रक्रिया त्याच्या गैरहजेरीत चालू ठेवण्याची रीतसर मुभा देता येते.

या प्रसंगाने एक गोष्ट उघड केली. मल्टिप्लेक्सरचे सातत्य इतकी वर्षे कोणत्याही लेखी अधिकारावर नव्हे, तर प्रणालीच्या मौनावर उभे होते. मुखत्यार होता, मुखत्यारपत्र नव्हते.

अधिकाराचा प्रश्न दुसऱ्या अंगानेही पुढे येतो. एकच सत्र दोघांनी एकाच वेळी पाहणे ही शिकवण्याच्या दृष्टीने उपयुक्त सोय आहे. भिन्न वापरकर्त्यांना ती देण्यासाठी स्क्रीनला सर्वोच्च प्रशासकीय अधिकारांसह चालण्याची गरज भासते. मे २०२५ मध्ये सुझेच्या सुरक्षा पथकाने स्क्रीन ५.०.० मधील एक गंभीर त्रुटी जाहीर केली. आज्ञावली अशा अधिकारांसह बसवलेली असल्यास साध्या वापरकर्त्याला संगणकाचा पूर्ण ताबा मिळवता येत होता. टीमक्स असा अधिकार मागत नाही. सामायिक संस्थात्मक संगणकासाठी हा फरक निर्णायक मानावा लागतो. रेड हॅटने २०१९ मधील आपल्या आठव्या आवृत्तीतून स्क्रीन वगळून टीमक्स सुचवले होते, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे.

६. देवनागरीचा प्रश्न

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने या साधनांची आणखी एक बाजू महत्त्वाची ठरते. मल्टिप्लेक्सर पडदा समान चौकटींत विभागतो आणि प्रत्येक अक्षराला किती चौकटी लागतात हे तक्त्यावरून ठरवतो. रोमन लिपीला हे मानवते. देवनागरीत मात्र 'कु' मधील उकार अक्षराखाली बसतो, तर 'कि' मधील वेलांटी स्वतःची जागा घेते. 'क्ष' सारख्या जोडाक्षरात तीन संकेतचिन्हांचे मिळून एकच रूप होते. कोणत्या चिन्हाला चौकट द्यायची याविषयी सर्व आज्ञावलींत एकमत नाही. मल्टिप्लेक्सर नसताना आतली आज्ञावली आणि बाहेरचे टर्मिनल या दोघांचा हिशेब जुळला की पुरते. मल्टिप्लेक्सर आला की तिसरा हिशेबनीस मध्ये बसतो. तिघांची मोजदाद जुळली नाही तर कर्सर सरकतो आणि पुन्हा जोडल्यावर रेखाटलेली ओळ विस्कळीत दिसते. फाइलमधील मजकूर शाबूत असतो; मात्र पडद्यावर पाहून संपादन करणाऱ्याचा हात चुकू शकतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये स्क्रीनच्या ४.८.० पर्यंतच्या आवृत्त्यांत आढळलेली त्रुटी याच प्रदेशातली होती. दुसऱ्या अक्षराला जोडून येणाऱ्या चिन्हांची विशिष्ट मालिका पडद्यावर आली की स्क्रीन कोसळत असे. हा दोष देवनागरीपुरता नव्हता. तरीही केवळ मजकूर दाखवताना सत्र राखणारेच साधन कोसळावे, यातून त्याची मूळ घडण कोणत्या लिपी डोळ्यांसमोर ठेवून झाली हे सूचित होते.

७. पर्याय आणि विवेक

या मर्यादांमुळे मल्टिप्लेक्सर टाकाऊ ठरत नाही. त्याची जागा निश्चित होते. एमआयटीतील कीथ विन्स्टीन आणि हरी बालकृष्णन यांनी २०१२ मध्ये मांडलेली 'मॉश' ही पद्धत जाळे बदलले किंवा लॅपटॉप झोपून जागा झाला तरी जोडणी पुढे चालू ठेवते. मात्र वापरकर्त्याचा स्वतःचा संगणकच बंद पडला तर मॉशच्या त्या सत्राकडे परतता येत नाही. म्हणून अनेक जण मॉशच्या आत टीमक्स चालवतात. एक जोडणी सांभाळते, दुसरे सत्र. दोघांची कामे भिन्न आहेत.

महासंगणकांवर तर मल्टिप्लेक्सरचा मोह आवरणेच इष्ट. तेथे लॉगिन नोड केवळ प्रवेशासाठी असतो आणि गणन 'स्लर्म' सारख्या रांग सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे सोपवायचे असते. एकदा रांगेत दिलेले काम वापरकर्त्याच्या जोडणीवर मुळीच अवलंबून नसते. लॉगिन नोडवर मल्टिप्लेक्सरच्या आड दीर्घ गणन चालवणे म्हणजे इतरांच्या प्रवेशद्वारात बिऱ्हाड मांडणे होय. अशा ठिकाणी मल्टिप्लेक्सरचा उचित उपयोग संपादन, देखरेख आणि तपासणी यांसाठी आहे. प्रवेशासाठी एकाहून अधिक नोड असतील, तर सत्र ज्या नोडवर सुरू केले त्याच नोडवर परतावे लागते, हेही ध्यानात ठेवायला हवे. अन्यथा सत्र हरवल्याचा भास होतो.

जेथे रांगेची यंत्रणा नाही, तेथे मल्टिप्लेक्सर जरूर वापरावा; मात्र त्याच्यावर सगळा भार टाकू नये. आज्ञावलीने मधले निकाल ठरावीक अंतराने फाइलमध्ये लिहावेत आणि तेथूनच पुढे सुरू होण्याची सोय ठेवावी. पडद्यावरील मजकूर नोंदफाइलमध्येही जावा. सत्राला कामाचे नाव द्यावे आणि काम संपताच सत्र बंद करावे.

८. निष्कर्ष

१) जोडणी तुटताच काम संपवण्याची रीत माणसाची उपस्थिती आणि कामाची गरज एकच मानणाऱ्या जुन्या गृहीतकातून आली. मल्टिप्लेक्सरने ती सांगड सोडवली, हे त्याचे मूलभूत योगदान आहे.

२) मल्टिप्लेक्सर परतण्याची वाट राखतो; कामाचे फलित राखत नाही. ते राखण्याची जबाबदारी आज्ञावलीवर आणि ती चालवणाऱ्यावर राहते.

३) सामायिक संगणकावर अनुपस्थित वापरकर्त्याच्या प्रक्रियांबाबत प्रशासकाने स्पष्ट धोरण जाहीर करणे आवश्यक आहे. अन्यथा एखाद्या अद्ययावतीकरणाने ही मुभा नकळत नाहीशी होऊ शकते.

४) विशेष अधिकारांची गरज नसल्यामुळे सामायिक यंत्रांवर टीमक्स अधिक सुरक्षित ठरते. सत्रांच्या परस्पर अलगतेत मात्र स्क्रीनची मांडणी उजवी आहे.

५) देवनागरी मजकुराच्या बाबतीत पडद्यावरील चित्रापेक्षा फाइलमधील मजकूर प्रमाण मानावा.

एकूणच, टर्मिनल मल्टिप्लेक्सर हे विश्वासू साधन आहे. मात्र त्याच्यावरचा विश्वास त्याच्या कक्षेपुरताच असावा. मध्यरात्री जोडणी तुटल्यावर सकाळी सत्र जसेच्या तसे सापडणे ही मोठी सोय खरी. परंतु सकाळी तो संगणकच नव्याने सुरू झालेला आढळला, तर संशोधकाच्या हाती काय उरते, याचे उत्तर त्याने रात्री फाइलमध्ये काय लिहून ठेवले होते यावर अवलंबून राहील.